सातवा नमुना

डंडीत चार वाजताच अंधारतं.
बोटांना सोल्डरचा वास,
टेबलावर सातवा नमुना:
दोन मोटरी, नाण्याएवढी बॅटरी,
शिवणीत दडवलेली तार.

मिसेस गेडीस मनगट पुढे करतात.
तागाच्या गिरणीत तीस वर्षं; कान तिथेच राहिले.
आता डोळेही निघालेत, आवराआवर करून.
मी बटण दाबते: चहा. दार. नात आली.
पट्टा गुरगुरतो.
"माशी अडकलीय आत," त्या म्हणतात.
कंप कमी करते. "आता पोस्टमन."
अजून कमी. "आता कुणीच नाही."

मग त्याच माझा हात ओढून घेतात,
नाडीपाशी अंगठा टेकवतात,
थांबतात,
सोडतात.
शेजारच्या मागावरची आयरीन
गोंगाटात हाक मारायची ती अशी.
"टकटक नाही गं. टेकायची नुसती."

माझ्या वहीत याला खूण नाही.
वारंवारता लिहिते, खोडते.
मोटरला ठोकता येतं, थरथरता येतं.

परतीच्या बसमध्ये, पुलावर,
खाली टे नदी असणार, दिसत नाही.
मी माझंच मनगट धरून बसलेय.

आठवा नमुना:
मोटरी काढल्या.
हवेची पिशवी, अंगठ्याच्या पेराएवढी.
गळतेय.