चौथा खिळा

कौन्सिलने मला एक पाटी दिली आहे, पांढऱ्यावर काळी,
बाण नसलेली: 'गावाचा मध्य.'
कुठे ठोकायची ते बघून या, म्हणाले, शुक्रवारपर्यंत.

सेजलीच्या टेकडीला पाठ करून गॉर्नलमधून निघाले.
दोन घरं, मग माळ. एक चॅपल, मग घोडा.
गल्ली सुरू होते आणि कुठे चालली होती तेच विसरते.
दुकान आहे, पण एकटंच,
लग्नघर चुकलेल्या पाहुण्यासारखं.
मग पुन्हा सहा घरं, एकमेकांशी अबोला धरलेली.
नकाशा बॉनेटवर पसरला तेव्हा दिसलं:
कुणीतरी इथून चालत गेलं फाटक्या खिशाने,
आणि खिळे सांडत गेले,
तसं गाव.

ऑलिव्ह फेरडे, वय एक्क्याण्णव, दारात खुर्ची टाकून.
"मिस कुंभो," म्हणाली. पुढचं 'जकर' तिच्या कवळीत मावत नाही.
"मध्य? तो इकडे कधी कुणी आणलाच नाही."

तिच्या परसात विटांची खोली आहे, न्हाणीघराएवढी.
आत गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे,
आणि कोपऱ्यात काजळी.
तिच्या मुलाने तीनदा रंगवली भिंत,
तीनदा ती आतून वर आली.
इथे तिची आजी टाबिथा खिळे घडवायची,
पायाने घण दाबत, दिवसाला हजारभर.
सोमवारी मुकादम सळ्यांचा भारा टाकून जायचा,
शनिवारी खिळे तोलून न्यायचा,
आणि तराजू त्याचाच.

घर कुठे बांधायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
जिथे कोळसा हातभर खाली लागला,
जिथे माळाचा मालक लांब राहायचा,
तिथे रातोरात भिंत, भिंतीला भाता.
भाता आधी. छप्पर मग.
शेजारी शंभर पावलांवर, कारण
ज्याचा धूर त्याने गिळावा.
आणि मुकादमाची हातगाडी जशी फिरली
या दारातून त्या दारात, चिखल चुकवत, उधारी चुकवणाऱ्यांना गाठत,
तसा रस्ता झाला.
आज त्याच वळणांवरून बस जाते
आणि नवे ड्रायव्हर शिव्या घालतात.

घरोघरी मातीच्या चुली, असं आम्ही म्हणतो.
हिच्याकडे चुलीत लोखंड होतं,
भाकरी त्याच्या उरलेल्या धगीवर.

माझ्या इचलकरंजीत माग माजघरातच होता.
आम्ही त्याच्या खडखडाटात झोपायचो
आणि वीज गेली की दचकून जागे व्हायचो.
सुताचा बीम लादलेली सायकल जिथून वळेल
तेवढीच रुंद आमची गल्ली.
हे ऑलिव्हला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
मग: "तरी तुला नकाशा लागतो?"

साडेचारला अंधार पडला.
गाडीतून पाटी काढून तिला दाखवली.
तिने आधी भोकं मोजली, अक्षरं नंतर वाचली.
आत जाऊन बिस्किटांचा डबा आणला. त्यात खिळे, तीन.
एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही.
"आजीच्या हातचे," म्हणाली.
"चौथा सापडला की फोन करते."

पाटी तिच्या परसातल्या भिंतीला टेकवून ठेवली आहे,
अक्षरं आतल्या बाजूला.
आज बुधवार.