अंगचोर

वही त्याच्या टोपीच्या खोक्यात सापडली.
तारीख, शेताचा तुकडा, वारा कुठून,
आणि पुढे प्रत्येक ओळीत एकच वेळ:
रात्री साडेनऊ.

दिवसभर लेलंड गावच्या धान्यकोठारावर वजनं लिहायचा.
घरी येऊन उभ्या उभ्या बटाटे खायचा
आणि ट्रॅक्टरचे दिवे लावून सोयाबीनमध्ये उतरायचा.
मी खिडकीतून बघायचे,
दोन पिवळे डोळे
दूर टोकाला जाऊन वळायचे,
मग भांडी विसळायला घ्यायचे.

जुलै सरता सरता तण तसंच उभं.
मखमली पानांचं, खांद्याएवढं,
मिनेसोटाच्या सपाटीवर चारी रस्त्यांवरून दिसेल असं.
कॅफेत हाल्वर टोंग म्हणाला,
"क्वामेंनी यंदा सोयाबीन पेरलंय की मखमल?"
सगळे हसले. लेलंडही.
मागून कुणीतरी अंगचोर म्हणालं,
ते मात्र मी एकटीनेच ऐकलं, असं मला वाटायचं.

एकदा मीही विचारलं,
औषध कमी घालतोस का रे, पैसे वाचवायला?
त्याने चमचा खाली ठेवला.
परत उचलला.

आता जमीन खंडाने दिलीय.
कसणाऱ्यांची सिग्ने कृषी विद्यापीठात शिकते.
तिने बांधालगत सात चौकोन आखलेत,
पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत
दर तीन तासांनी एकेक फवारते.
"आर्डिसआजी, रात्री या बघायला."

गेले. गुडघा दुखत होता तरी गेले.
तिने विजेरी मारली.
पानं देठाशी लोंबलेली,
मिटलेल्या छत्र्यांसारखी.
"फवारा वरून येतो," ती म्हणाली,
"आणि यांनी अंग चोरलेलं.
थेंब पडणार कुठे?
भर दुपारी बघा, पान कसं ताटासारखं पसरतं."
पुढे ती दवाबद्दल काहीतरी सांगत होती.
मी म्हटलं, विजेरी तशीच धर जरा.

तीन आठवड्यांनी दुपारचा चौकोन तपकिरी, कुरकुरीत.
नऊचा हिरवागार.

हाल्वर वृद्धाश्रमात असतो,
मला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारतो.
त्याला काय सांगणार.

काल एक रोप मुळासकट उपटून
कॉफीच्या डब्यात लावलं, खिडकीत ठेवलं.
सूर्य कोठारामागे गेला.
पानं हळूहळू कलायला लागली.
दिवा लावायचा राहिलाच.
साडेनऊला भांडी तशीच होती.