पाचशे पन्नास

हानुस जाळी विणायचा. आता हात थरथरतात.
क्लाक्सविकच्या पालिकेत, माझ्या टेबलासमोर
टोपी न काढता उभा राहिला:
मार्जुनचं पत्र नाही. ऑक्टोबरपासून.
फोनवर ती एवढंच म्हणते, ‘लिहिलंय ना सगळं,’
आणि हवामान विचारते.
लहानपणापासून तशीच, बोलण्यापेक्षा लिहून मोकळी होणारी.
मग खोटं कोण बोलतंय, ती की तुझं यंत्र?

मी म्हटलं, बसा. यंत्र खोटं बोलत नाही,
पण विचारल्याशिवाय बोलतही नाही.

पांढरी यादी उघडली. मार्जुनचा पत्ता होता तिथे,
मीच टाकलेला, त्याच्या पहिल्या तक्रारीनंतर.
स्पेलिंग बरोबर. शेवटी सुटलेली मोकळी जागा नाही.
ठिपका ठिपक्याच्या जागी.
तरी पुन्हा टाकला. दृष्ट काढल्यासारखी
सेवा बंद केली, चालू केली.

मग लॉग. दुपारी तीनला खिडकीत काळोख,
बंदरातले दिवे, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ
पाचशे पन्नास. पाचशे पन्नास.
म्हणजे: नको.
नंतर या, असंसुद्धा नाही. नको.

कारण सापडलं तेव्हा हसू आलं, आणि लगेच गेलं.
पांढरी यादी असते आत, दिवाणखान्यात.
काळी यादी फाटकावर.
फाटकावरचा माणूस पाकिटावरचं नाव वाचत नाही,
गाडी कुठल्या रस्त्याने आली तेवढंच बघतो.
आणि तो रस्ता तुम्मासने बंद केलेला,
माझ्या आधीच्या तुम्मासने,
पासष्ट हजार पत्त्यांचा आख्खा पट्टा, एका ओळीत,
कधीतरी तिकडून घड्याळांच्या जाहिरातींचा पूर आला म्हणून.
ओळीशेजारी त्याची टीप: तात्पुरतं. सोमवारी काढणे.
कुठल्या सोमवारी, ते लिहिलं नव्हतं.
तुम्मासला जाऊन चार वर्षं झाली.
ऑक्टोबरात प्वेर्तो मोंतच्या त्या सामन-कंपनीने
आपला सर्व्हर हलवला, तो नेमका या पट्ट्यात.

ओळ काढली.
हानुसला वाटलं, आता येतील सगळी,
फाटकाबाहेर ताटकळत असतील, गारठ्यात.
मला सांगावं लागलं
की चारशेवाली थांबतात, पुन्हा पुन्हा दार वाजवतात,
पाचशेवाल्यांचं तसं नाही.
आम्ही ती उघडलीच नाहीत, म्हणून ठेवलीही नाहीत.
‘पोचलं नाही’ असा निरोप तिला गेला असणार,
आणि तिकडच्या चाळणीने तो कचऱ्यात टाकला असणार.

मग उरलं काय?
ओळी. तारीख, वेळ, कुणाकडून, कुणाला.
एकोणीस. छापून दिल्या.

घरी नेईल वाटलं. तो तिथेच बसला,
चष्मा नाही, कागद लांब धरून,
एकेका वेळेतून तीन तास वजा करत.
पाच-चाळीस. म्हणजे तिकडे दोन-चाळीस.
सहा-दहा. तीन-दहा.
‘झोपत नाहीये पोर,’ म्हणाला, मला नाही, कागदाला.
शेवटच्या तीन ओळी एकाच रात्रीच्या, चार-चार मिनिटांच्या अंतराने.
जाळं कुठे तुटलंय ते चाचपतात
तसा त्या तीन ओळींवर त्याचा अंगठा
पुढे-मागे फिरत राहिला.

मग टोपी काढली. फोन मागितला.
हवामानाचं काही बोलला नाही.

मी बाहेर जाऊन कॉफी केली, गरजेपेक्षा सावकाश.
परतले तर त्या पट्ट्यातून पहिलं पत्र आलेलं:
घड्याळं, सत्तर टक्के सूट, फक्त आज.
हात काळ्या यादीकडे गेला.
एकच पत्ता लिहिला, पूर्ण, चारही आकडे,
शेजारी तारीख, कारण, माझं नाव.
‘तात्पुरतं’ टंकून झालं होतं.
ते खोडलं.