नग एक्केचाळीस

आर्वीच्या पुढे मोबाइलचा नकाशा हात टेकतो,
म्हणून मी फाट्यावर जाऊन उभी राहिले, पंक्चरच्या दुकानापाशी.
कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला,
गळ्यात ओळखपत्र, भुवयांत धूळ.
अन्सार शेख, नागपूर ऑफिस.
दोन तांबे पाणी प्यायला, मग टेप काढला.

घर मोजायला त्याला अकरा मिनिटं लागली.
मला एकोणीस वर्षं लागली होती
कॅशच्या खिडकीतून उठून येऊन
एकेक वस्तू आत सरकवायला.

कपाट, पत्र्याचं. शिलाई मशीन, एक पाय मोडका.
पाटा-वरवंट्याला तो 'दगडी वस्तू' म्हणाला, जादा वजन.
तुरीची डाळ दोन कट्टे?
"किराणा घेत नाही मॅडम. तिकडे मिळते की."
मिळते.
नामदेव पेटकरच्या धुऱ्यालगतची नाही मिळत.

प्रत्येक नगापुढे रकाना होता, घोषित मूल्य.
विम्यासाठी.
आईच्या फोटोपुढे मी पन्नास रुपये लिहिले,
फ्रेमचे.

मग तो कूलरपाशी थांबला.
खिडकीत बसवलेला, तीन फुटी, हिरव्या रंगाचे पोपडे आलेला.
मार्च ते जून मी त्यात रोज चौदा बादल्या ओतल्या.
दर होळीला वाळ्याची ताटी बदलली.
त्याच्या घरघरीत प्राचीची दहावी झाली,
आणि सत्तेचाळीस अंशांच्या त्या मे महिन्यात
बाबांची खाट त्याच्याचपुढे होती,
शेवटच्या दिवशीसुद्धा.
"हा नका लिहू," अन्सार म्हणाला,
"रत्नागिरीत कूलर चालत नाही.
हवाच ओली. ओल्या हवेला हा काय गार करणार?"
आवाज खाली घेऊन बोलला,
डॉक्टर दाराबाहेर बोलावून सांगतात तसा.

नग एक्केचाळीस. आडवी रेघ.

अडतीस हजार, जीएसटी वेगळा.
मी कॅशियर. बत्तीसवर आणला,
हसले नाही.

रविवारी ट्रक नाल्याच्या रपट्यापर्यंतच आला.
करारात 'दारापासून दारापर्यंत' छापलेलं होतं,
दारापासून रपट्यापर्यंत मात्र बावण्यांचा ट्रॅक्टर.
चार पोरं, त्यातला धनराज सगळ्यात लहान,
खोक्यांवर 'नाजूक' लिहिताना ज ला वेलांटी देणारा.
बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा गुंडाळा अंगणात ठेवला
तो गल्लीतल्या लेकरांनी फोडून टाकला,
फुटाणे फुटावेत तसा, तासाभरात.
पंचफुला कुंपणावरून बघत होती.
"कायले नेता जी येवढं? समुद्रात टाकाले?"

कूलर तिलाच दिला.
तिनं आधी हात पुसले, मग त्याला लावले.
"ठेवतो मी. तुमी आल्या का वापस नेजा."
मी बरं म्हणाले.
बदलीच्या कागदावर परतीची तारीख नसते
हे काही मी तिला वाचून दाखवलं नाही.

यवतमाळ, नांदेड, सोलापूर, मग घाट.
तिसऱ्या दिवशी ट्रक आला. मोजून चाळीस नग.
'सुस्थितीत मिळाले' वर सही केली.
मशीनचा दुसरा पायही मोडला होता,
ते खाली बारीक अक्षरात लिहिलं.

इथे कपडे वाळत नाहीत.
मीठ डब्यात पाणी होतं.
मासळीवाली भाव सांगते तेव्हा मी दोनदा विचारते,
तिला वाटतं घासाघीस करतेय.

कपबश्यांचं खोकं आठवड्यानं उघडलं.
प्लास्टिक संपल्यावर धनराजनं
परसात पडलेली होळीआधीची ताटी उसवली होती
आणि प्रत्येक कपात कोंबला होता
जुना, काळा पडलेला वाळा.

खिडकी उघडी होती, समुद्राकडची.
मी बादली आणायला उठलेसुद्धा नव्हते,
आणि खोलीभर
वास सुटला.