खालचा खिळा

इसाफ्योर्दुरला नोव्हेंबरात सकाळ होत नाही,
दिवा लावला की झाली म्हणायची.
मी दारामागचे खिळे उपटले
आणि काउरीच्या खांद्याइतके खाली ठोकले.
कोट. टोपी. सगळ्यात खाली फडकं.

मासळीच्या कारखान्यातून तीन खोकी आणली.
धुऊनही वास राहिला, राहू दे.
एकावर हातमोजा काढला
(तो म्हणाला, खेकडा),
एकावर बूट.
तिसऱ्यावर काय काढावं सुचेना.

पहिला आठवडा नुसती रडारड.
डावा बूट उजव्या पायात, दुसरा मांजराखाली,
आणि माझी जीभ सारखी शिवशिवायची:
आण इकडे, मी घालतो.
गिळलं. कामावर दोनदा उशीर झाला.

मग एका संध्याकाळी कोऱ्या खोक्यात
त्यानं बर्फाचा गोळा ठेवला,
आई बोटीवरून परतेल तेव्हासाठी.
मी काही बोललो नाही.

सकाळी जमिनीवर ओघळ.
तो बघत राहिला बराच वेळ.
ओठ थरथरला. मी उठणार,
इतक्यात त्यानं फडकं काढलं,
उकिडवं बसून पुसलं,
पिळलं, थोडं माझ्याच बुटात,
आणि परत टांगलं.
तिरकं,
पण त्याच खिळ्यावर.