अडधी

चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, हलू नका.
आज ते हार्दिकने मला सांगितलं,
जरा ओशाळून,
कारण माणसाला टेबलावर नीट कसं निजवायचं
हे त्याला मीच शिकवलेलं.
यंत्राचा हात कमरेवरून सरकत गेला,
खुब्यापाशी रेंगाळला.
कागदावर आलं: उणे दोन पूर्णांक सात.

मी हाडाची एक्स-रेवाली,
आणि हाडंच अशी निघावीत!
मोरीत हात टेकला, तेवढाच,
डावं मनगट खडूसारखं मोडलं.

कुंदावहिनी म्हणाल्या, चहा. दुसरं काय?
चहा हाडं खातो.
कुठे ऐकलंत, विचारायची सोय नाही,
दांडिया बाजारात ऐकलेलं खोटं नसतं.

रात्री गॅसबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
रोज चार अडध्या, म्हणजे दोन आखे कप,
गुणिले वर्षं, वजा रविवार, वजा दोन बाळंतपणं.
वीस हजारांच्या आसपास गेले.
मग कुठला कप कुठल्या हाडाचा, ते आठवत बसले.
अलकापुरीतली स्कूटरवाली मुलगी, मांडीचे तीन तुकडे,
प्लेट ओली असतानाच घेतलेली एक अडधी.
उत्तरायणला गच्चीवरून पडलेली पोरं,
मनगटं सुजलेली, बोटांत अजून मांजा.
त्या दिवशी सात.
आईचा खुबा माझ्याच टेबलावर आला.
त्या दिवशी एकही नाही.

डॉक्टर वसावडांनी चहाचं विचारलंच नाही.
आई कधी पडली होती का?
पाळी कधी गेली?
डबा वेळेवर खायचात?
(डबा! डबा संध्याकाळी रिकाम्या बाकावर उघडायचा, वास बघून.)
आणि ऊन?
ऊन म्हणजे?
म्हणजे अंगावर किती पडलं, आजवर.

मला डार्करूमचा लाल दिवा दिसला.
खिडकी नसलेली भिंत.
खुंटीवरचा शिशाचा एप्रन,
माझ्याच आकाराचा झालेला.

शेवटी मीच भीत भीत काढलं, चहा…
ते हसले. दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही,
कुणी म्हणतं उलट थोडा फायदाच,
नक्की सांगणारा अजून भेटायचाय.
जेवणाऐवजी नको. आणि गोळी साध्या पाण्याशीच.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर थांबले.
खाली गाळावर एक मगर ऊन खात पडलेली,
जबडा उघडा,
कुणाला हिशेब देणं नाही.

तिथे उभ्या उभ्या आठवलं,
जेठाभाईची लारी फाटकासमोर होती,
सावली नसलेल्या बाजूला.
एप्रन टांगून दिवसातून चारदा मी रस्ता ओलांडायची.
पुदिना, गवती चहा, आणि पेला असा तापलेला
की पदराने धरून फुंकत राहावं लागे.
पाच मिनिटं. कधी सात.
चौतीस वर्षांत मी उन्हात उभी राहिले ती एवढीच.

खाल्ली असतील त्याने हाडं थोडी,
नाही म्हणत नाही.
पण त्या खोलीतून मला बाहेर दुसऱ्या कुणी काढलं?

आता तिथे नातू असतो.
निळी ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या.
बेसो ने बा, म्हणतो. अडधी?
अडधीच. दूध जरा जास्त घाल.
पेला घेऊन मी ताडपत्रीच्या कडेबाहेर येते.
बा, तडको छे!
ऊन ना? असू दे.

परवाच प्लास्टर निघालंय.
मनगट काडीसारखं, पांढुरकं, सालं सुटलेलं.
पेला उजव्या हातात घेते
आणि ते वर उजेडाकडे धरते,
कोपऱ्याला चिमटीत पकडून
ओली प्लेट धरायची, तसं.