ताकदीची गोळी

फैजपूर-सावद्याकडचे केळीचे काटे मी दुरुस्त करतो.
पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे झाले
तर पारडं टेकताना कानाला कळतं.
घरात अकरा दिवसांची पोर
डोळे एका कोपऱ्यात लावून थरथरत होती,
तिचं काय बिघडलंय ते मात्र कळत नव्हतं.

ललिता म्हणाली, पोटात असतानाच
ही एका ठेक्यात लाथा मारायची.
तेव्हा माझी बहीण हसली होती :
तुनी आंडेर नाचनारी व्हई वं.
ते आठवलं की अजूनही
थापता थापता तिचा हात भाकरीवर थांबतो.

कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल.
मी स्वतः, सांगायला लाज वाटते,
तिच्या उशाखाली एक किलोचं वजन ठेवलं.
लोखंड जवळ असावं म्हणतात.
नवं होतं. शिक्क्याचं.

जळगावला तीन औषधं शिरेतून गेली.
झटके येतच राहिले.
मी वहीत वेळा मांडत होतो :
दोन दहा. दोन पस्तीस. तीनला पाच कमी.
चौथ्या दिवशी ओळी पुरेनात,
समासात उतरलो.

रात्री साडेअकराला बेंडाळे बाई आल्या,
घरी जायची पर्स खांद्यालाच होती.
म्हणाल्या, एक करून बघते.
बहुतेक लेकरांना लागू पडत नाही,
पण न बघता सोडवत नाही.
बी-सहा.
मला वाटलं, दुसऱ्या खाटेवर हलवतात.

पाण्यासारखं औषध. सावकाश, फार सावकाश.
नर्स हातात श्वासाचा फुगा धरून उभी.
आणि यंत्रावरच्या रेघा,
रागावलेल्या शाईने ओढाव्यात तशा,
एकेक करून खाली बसल्या.
पोर इतकी निपचित पडली
की ललिताने किंकाळी फोडली.
झोपलीये, बाई म्हणाल्या. झोपू द्या.
आणि स्वतः स्टुलावर बसल्या,
सकाळपर्यंत.

जीवनसत्त्व. आमची आजी ज्याला
ताकदीची गोळी म्हणायची, त्यातलं एक.
इतरांना जेवणातून मिळतं तेवढ्याने हिचं भागत नाही,
कारण आतलं काहीतरी ते अडवून धरतं.
जन्मभर द्यायची. अर्ध्या चहाच्या किमतीत.
गावच्या दुकानात ती दंतमंजनाच्या मागे
धूळ खात पडली होती.

एका श्रावणात कानबाई बसली घरात.
गोळ्या बुधवारीच संपल्या होत्या.
रोटाचा गहू, मांडव, पाहुणे,
सोमवारी आणू म्हटलं, दोन वर्षं ठणठणीत आहे.
सोमवारी पहाटे, वाजंत्री निघायच्या आत,
कस्तुरीच्या हातातला रोटाचा तुकडा गळून पडला.
बाई नंतर एवढंच बोलल्या :
अशी खात्री कोणी करून घेऊ नये.

आणि मग पारोळ्याचा भिकन आला,
सहा वर्षांचा मुलगा खांद्यावर टाकून.
कुठेतरी ऐकलं होतं त्याने
की फैजपुरात ताकदीच्या गोळीने मिरगी गेली.
मी सांगायला लागलो की हे एकाच जातीच्या दुखण्याला,
आधी डॉक्टरांना…
माहीत शे, भाऊ, तो म्हणाला.
त्याच्या पोराला ती देऊन झाली होती. धुळ्याला. दोन महिने.
तरी आला होता.
माझ्या हातची कदाचित वेगळी असेल म्हणून.

मी चहा ठेवला.
कस्तुरी चार वर्षांची, अजून पाचच शब्द,
पितळी वजनं ओट्यावर मांडत होती :
पन्नास, वीस, वीस, दहा.
मुलाचा पाय ताठ झाला.
मी घड्याळाकडे पाहिलं, सवयीने.
भिकननेही.

एक मिनिट चाळीस, तो म्हणाला.
मी माझी जुनी वही पुढे केली,
मागची पानं कोरीच होती.
नको, म्हणाला.
त्याच्या खिशात त्याची होती.